डोंगरातलं शिसं, कपाटातली पुस्तकं

स्कॉटलंडमधलं सर्वांत उंचावरचं गाव कोणतं, असं विचारलं की डोळ्यांपुढे उत्तरेचे हायलँड्स येतात. तिथे डोंगर मोठे आहेत हे खरं, पण माणसं राहतात ती खाली, दऱ्याखोऱ्यांत आणि पाण्याच्या काठाने. उंचीचा मान मिळतो तो दक्षिणेकडच्या लाउदर टेकड्यांमधल्या वॉनलॉकहेडला. उंची ४६७ मीटर. पुणेकराला याचं हसू येईल, कारण त्याचं शहरच याहून शंभरेक मीटर उंच आहे. पण पुणं अठराव्या अक्षांशावर आणि वॉनलॉकहेड पंचावन्नाव्या. एवढ्या उत्तरेला, एवढ्या उंचीवर धान्य धड पिकत नाही, झाडं वाऱ्यापुढे तग धरत नाहीत आणि हिवाळा लवकर येऊन उशिरा जातो. अशा जागी कुणी हौसेने घर बांधत नाही. माणसं इथे आली ती जमिनीखालच्या शिशासाठी.

ग्लासगोहून डम्फ्रीजकडे जाणाऱ्या रेल्वेने सँकरला उतरायचं. १७१२ पासून चालत आलेलं, जगातलं सर्वांत जुनं टपाल कार्यालय म्हणून ओळखलं जाणारं पोस्ट याच गावात आहे. तिथून थोडं पुढे, मेनॉक वस्तीपाशी मोठा रस्ता सोडून डावीकडे वळलं की मेनॉक खिंडीचा घाट लागतो. दोन्ही बाजूंना गवताळ, गोलसर पाठीच्या टेकड्या इतक्या जवळ येतात की रस्ता आणि ओढा यांना जेमतेम जागा उरते. मेंढ्या रस्त्यावर ठाण मांडून बसतात आणि हॉर्न वाजवला तरी आपल्या सोयीने उठतात. ऑगस्टमध्ये गेलात तर उतारांवर हेदर फुललेलं असतं आणि टेकड्या जांभळ्या दिसतात. चढ संपत येतो तसे मधूनच करडे ढिगारे दिसू लागतात. आजूबाजूला हिरवंगार गवत असताना त्या ढिगाऱ्यांवर काही उगवत नाही. खाणीतून काढलेली, शिसं वेचून टाकून दिलेली ही माती. गावाची पाटी येण्याआधी गावाचा धंदा कळतो तो असा.

गावात शिरल्यावर चौक शोधू नये. पांढऱ्या भिंतींची बसकी घरं ओढ्याच्या दोन्ही अंगांना, चढावर, खोलगटात, जशी जमतील तशी विखुरली आहेत. जिथे खाणीचं तोंड, तिथे त्या खाणीवरच्या माणसांची घरं, असा साधा हिशोब होता. मागच्या लाउदर टेकडीच्या माथ्यावर विमानवाहतुकीच्या रडारचा पांढरा घुमट आहे. धुकं नसेल तर तो कुठूनही दिसतो. दोन-अडीच किलोमीटरवर लेडहिल्स हे जुळं गाव. दोघांच्या मध्ये पाणलोटाची सीमा आहे. इकडचं पाणी निथ नदीतून दक्षिणेच्या सॉल्वे खाडीला मिळतं, तिकडचं क्लाइड नदीला मिळून ग्लासगोकडे जातं. खनिजाच्या शिरा मात्र ही सीमा जुमानत नाहीत. त्यामुळे दोन्ही गावांचा इतिहास एकत्रच सांगावा लागतो.

या टेकड्यांचं नाव पहिल्यांदा गाजलं ते सोन्यामुळे. सोळाव्या शतकात इथल्या ओढ्यांच्या वाळूतून सोनं धुऊन काढलं जाई. पाचव्या जेम्स राजाने १५४० मध्ये स्कॉटलंडचा राजमुकुट नव्याने घडवून घेतला, तेव्हा त्यात या भागातलं सोनं वापरलं गेलं. तो मुकुट आजही एडिंबरा किल्ल्यात पाहायला मिळतो. त्या शतकाच्या अखेरीस बेव्हिस बुल्मर नावाचा इंग्रज खाणतज्ज्ञ इथे बराच काळ सोनं शोधत होता. सोनं होतं, पण राजाचं पोट भरेल एवढं नव्हतं. आज इथे सोनं धुण्याच्या स्पर्धा भरतात. १९९२ मध्ये जागतिक स्पर्धाही इथेच झाली. गावाचं पोट भरलं ते मात्र शिशाने.

वॉनलॉकहेडची जमीन आधी क्वीन्सबरीच्या ड्यूकची आणि १८१० पासून बक्लूच्या ड्यूकची. लेडहिल्सची जमीन होपटन घराण्याची. जमीनदार खाणी भाड्याने देत आणि निघालेल्या शिशातला वाटा घेत. १७१० मध्ये क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यांची लंडन लेड कंपनी वॉनलॉकहेडला आली, मग दुसऱ्या कंपन्या आल्या आणि गेल्या. छपरांचे पत्रे, पाण्याचे नळ, बंदुकीच्या गोळ्या, रंग, सगळ्याला शिसं लागत होतं. वितळवून ओतलेल्या शिशाच्या लाद्या गाड्यांवर घालून एडिंबराच्या लीथ बंदरात नेत आणि तिथून जहाजाने हॉलंडला पाठवत. शिशाबरोबर थोडी चांदीही निघे.

खाण आतून पाहायची असेल तर वस्तुसंग्रहालयाचे गाइड लॉक नेल नावाच्या खाणीत नेतात. १८६० च्या सुमारास तिचं काम थांबलं. डोक्यावर हेल्मेट चढवायचं आणि टेकडीच्या पोटात सरळ शिरायचं. खाली उतरण्याची भानगड नाही. बोगदा एका माणसापुरता. उंच माणसाला मान वाकवावी लागते आणि थोड्याच वेळात खांदे भिंतीला घासायला लागतात. बाहेर ऊन असो की पाऊस, आत गारठा तोच. पायांखालून पाण्याचा बारीक ओघळ बाहेर पडत असतो, कारण बोगद्याला मुद्दाम तेवढाच उतार दिलेला आहे. छिन्नी-हातोड्याच्या खुणा भिंतीवर अजून स्पष्ट आहेत. त्यांच्यातलं अंतर पाहिलं की एका पाळीत काम किती पुढे सरकत असेल याचा अंदाज येतो आणि तो फार कमी असतो.

आत एका जागी गाइड दिवा वर धरतो. काळपट खडकात बोटभर रुंदीची राखाडी रेघ चमकते. हीच शीर. तिच्यातलं खनिज म्हणजे गॅलिना, गंधक आणि शिसं यांचं संयुग. बाहेर आल्यावर गाइडने गॅलिनाचा खडा माझ्या तळहातावर ठेवला तेव्हा हात आपोआप खाली गेला. त्याच आकाराच्या साध्या दगडाच्या दुपटीहून अधिक वजन. वजनाचा हा फरकच धुलाईच्या कामी येई. फोडलेलं खनिज वाहत्या पाण्यात ढवळलं की हलका दगड वाहून जातो आणि जड शिसं तळाशी बसतं. हे काम लहान मुलांकडे असे. उघड्यावर, बर्फासारख्या पाण्यात हात घालून.

पाणी खनिज धुवायला हवं होतं आणि खाणीत नको होतं. खोल गेलेल्या खाणीत ते सतत भरत असे. ते उपसण्याची एक युक्ती आजही गावात, रस्त्याच्या कडेला उभी आहे. स्ट्रेटस्टेप्स खाणीचं हे तुलायंत्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं आहे. घडीव दगडांचा खांब, त्याच्या माथ्यावर सुमारे आठ मीटर लांबीची लाकडी तुळई. तुळईच्या एका टोकाला मोठी बादली आणि दुसऱ्या टोकाला खाणीत उतरणारा पंपाचा दांडा. टेकडीवरून नळाने आणलेलं पाणी बादलीत पडत राहतं. बादली जड झाली की ती खाली जाते, दुसरं टोक वर उठतं आणि दांड्याबरोबर खाणीतलं पाणी वर येतं. तळाशी पोचल्यावर बादलीची झडप उघडते, पाणी सांडतं, दांड्याच्या वजनाने तुळई पुन्हा पालटते. कोळसा नाही, वाफ नाही. पाण्यानेच पाणी उपसायचं. या जातीचं ब्रिटनमध्ये जागेवर उरलेलं हे एकमेव यंत्र मानलं जातं.

असंच एक जुनं यंत्र १८०३ च्या ऑगस्टमध्ये तिघा प्रवाशांनी इथे चालू स्थितीत पाहिलं. डोरोथी वर्ड्‌स्वर्थ, तिचा कवी भाऊ विल्यम आणि त्यांचा मित्र कोलरिज. माणसाचा मागमूस नसलेल्या माळावर आपणच खाली-वर होणारी ती तुळई पाहून तिघेही तिच्याविषयी बोलत राहिले. डोरोथीच्या प्रवासवर्णनात याहून मोलाची एक नोंद आहे. वॉनलॉकहेडजवळ त्यांना अनवाणी पोरं भेटली. शाळेत काय शिकता, असं विचारल्यावर त्यांनी व्हर्जिल आणि होमर वाचत असल्याचं सांगितलं. कोलरिज आणखी खोदून विचारायला लागला तशी पोरं पळून गेली.

खाणकामगारांची पोरं आणि होमर? हे कसं जमलं असावं, याचं उत्तर शोधताना गावाची दुसरी बाजू समोर येते. ती पाहण्याआधी या धंद्याची किंमत सांगायला हवी. भट्टीवर शिसं वितळवताना निघणाऱ्या धुराने जो आजार होई, त्याला इथले लोक मिल-रीक म्हणत. पोटात मुरडा, भूक नाहीशी, मग हातापायांतलं बळ जाणं, शेवटी मेंदूवर परिणाम. अठराव्या शतकाच्या मध्यात एका स्कॉटिश डॉक्टरने या आजाराचं वर्णन लिहून ठेवलं आहे. तो धूर गवतावर बसे आणि ते गवत खाऊन गुरंही दगावत. आजही पेट्स नोज इथल्या जुन्या भट्टीचे अवशेष पाहताना आपण किती विषारी जागेवर उभे आहोत याचा अंदाज येतो.

आता पुस्तकांकडे वळू. १७४१ मध्ये लेडहिल्सच्या खाणकामगारांनी वर्गणी काढून वाचनालय सुरू केलं. पहिल्या २३ सभासदांपैकी पाद्री आणि शाळामास्तर सोडले तर बाकी सगळे कामगार. वॉनलॉकहेडने १७५६ मध्ये त्यांचा कित्ता गिरवला. आपल्याकडे तेव्हा नानासाहेब पेशव्यांचा काळ चालू होता. ब्रिटनमध्येही वर्गणीवर चालणारी वाचनालयं नवीनच होती आणि जी होती ती शहरांतल्या वकील-व्यापाऱ्यांची. कामगारांनी स्वतःच्या पैशाने काढलेलं आणि स्वतः चालवलेलं एवढं जुनं वाचनालय ब्रिटनमध्ये दुसरं नाही. लेडहिल्सच्या वाचनालयाला ॲलन रॅम्झी या तिथेच जन्मलेल्या कवीचं नाव आहे. त्याने स्वतः एडिंबरामध्ये पुस्तकं भाड्याने देण्याचं दुकान काढलं होतं.

या वाचनालयांकडे पाहून ‘गरिबांनाही ज्ञानाची केवढी ओढ!’ असं म्हणून मोकळं होता येतं. पण ओढ सगळीकडेच असते, वाचनालयं सगळीकडे निघत नाहीत. इथे ती निघाली, त्याला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण, वेळ. १७३० च्या दशकात लेडहिल्सच्या स्कॉट्स माइन्स कंपनीने जेम्स स्टर्लिंग यांना व्यवस्थापक नेमलं. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना हे नाव ओळखीचं असेल. मोठ्या संख्यांच्या फॅक्टोरियलचं जवळचं उत्तर देणारं स्टर्लिंगचं सूत्र, ते याच गृहस्थांचं. खाणीच्या कामात ते इतके बुडाले की ऑयलरसारख्या गणितज्ञाच्या १७३६ च्या पत्राला त्यांनी १७३८ मध्ये उत्तर पाठवलं. त्यांच्या काळात जमिनीखालची पाळी सहा तासांची झाली. कोळशाच्या खाणीत तेव्हा माणसं याच्या दुप्पट राबत होती. रिकाम्या वेळात कामगार माळरान खणून बटाटे-भाजीचे तुकडे करत, गाय पाळत, घर नीट करत आणि वाचत.

दुसरं कारण, हिशोब. इथे रोजाने मजुरी नव्हती. काही जणांची टोळी मिळून शिरेचा एक भाग ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक दराने अंगावर घेई. याला बार्गेन म्हणत. दर किती लावायचा, शीर पुढे रुंद होईल की आटेल, मेणबत्त्या आणि सुरुंगाच्या दारूचा खर्च वजा जाता हातात काय उरेल, हे सगळं ज्याचं त्याला काढावं लागे. हिशोब वर्षाअखेरीस होई आणि तोवर कंपनीकडून उचल घेऊन संसार चाले. आकडे न कळणारा माणूस इथे हमखास नागवला गेला असता. लिहिता-वाचता येणं ही चैन नव्हती.

तिसरं कारण, शाळा आणि चर्च. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चचा आग्रह असा की बायबल प्रत्येकाने स्वतः वाचावं. त्यासाठी गावोगाव शाळा हव्यात. त्यामुळे इथल्या गरीब घरातही अक्षरओळख होती. आधी धर्माची पुस्तकं आली, मग इतिहास, प्रवासवर्णनं, शास्त्र आणि पुष्कळ उशिरा कादंबऱ्या.

वॉनलॉकहेडच्या वाचनालयाची सध्याची इमारत १८५० ची. बाहेरून ती एखाद्या साध्या कौलारू शाळेसारखी दिसते. आत एकच मोठी खोली आणि भिंतीला लागून वरपर्यंत कपाटं. पुस्तकांच्या चामडी पाठी हाताळून हाताळून काळ्या पडल्या आहेत. कोणतं पुस्तक घ्यायचं ते सभासद बैठकीत ठरवत. पुस्तकं ठरल्या दिवशीच बदलून मिळत. परत आलेलं पुस्तक तपासलं जाई. पान फाटलं, डाग पडला तर दंड. लेडहिल्सच्या नियमांत पुस्तक पावसात भिजू नये म्हणून पिशवी आणण्याची अटसुद्धा होती. ज्यांचे हात दिवसभर शिशाच्या चिखलात, त्यांनी केलेले हे नियम आहेत, हे लक्षात घेतलं की त्यांच्या काटेकोरपणाचं मोल कळतं. एक उणीव मात्र नमूद केलीच पाहिजे. ही संस्था काढणारे सगळे पुरुष होते. खनिज धुणारी मुलं आणि चूल सांभाळणाऱ्या बायका सभासदांच्या पहिल्या यादीत नाहीत.

या वातावरणातून वर आलेला माणूस म्हणजे विल्यम सिमिंग्टन. १७६४ मध्ये लेडहिल्सला जन्मलेला, खाणीवरच्या कारागिराचा मुलगा. पाणी उपसणाऱ्या वाफेच्या इंजिनांवर त्याने वॉनलॉकहेडला भावाबरोबर काम केलं आणि तेच इंजिन बोटीत बसवायची कल्पना लढवली. १७८८ मध्ये डम्फ्रीजजवळच्या डॅल्सविंटन तळ्यावर त्याच्या इंजिनाने छोटी बोट चालवून दाखवली. १८०३ मध्ये त्याच्या ‘शार्लट डंडास’ या बोटीने कालव्यातून प्रत्येकी ७० टनांची दोन गलबतं ओढत ग्लासगोकडे नेली. कालव्याचे काठ लाटांनी ढासळतील या भीतीने मालकांनी पुढे हात आखडता घेतला आणि सिमिंग्टन १८३१ मध्ये लंडनला दारिद्र्यात वारला. वाफेच्या बोटीसाठी अमेरिकन फुल्टनचं नाव झालं, सिमिंग्टनचं राहून गेलं.

वाचणारा कामगार नेहमीच मुकाट ऐकणारा नसतो, हे जमीनदाराला १८४३ मध्ये कळलं. त्या वर्षी स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. पाद्री नेमण्याचा अधिकार जमीनदाराचा नसून मंडळींचा, असं म्हणणारे बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च काढलं. वॉनलॉकहेडचे बरेच लोक त्यांच्याबरोबर गेले. बक्लूच्या ड्यूकने नव्या चर्चला जागा नाकारली. सगळी जमीन त्याचीच, तेव्हा दुसरीकडे मागायची तरी कुठे? ही मंडळी कित्येक वर्षं उघड्या माळावर प्रार्थनेला जमत राहिली. इथला हिवाळा लक्षात घेता हा हट्ट साधा नव्हता.

एकोणिसाव्या शतकात गावची वस्ती आठशेच्या आसपास होती. १९०१-०२ मध्ये एल्व्हनफुटच्या मुख्य मार्गापासून लेडहिल्स आणि वॉनलॉकहेडपर्यंत रेल्वे आली. पण बाहेरचं स्वस्त शिसं बाजारात आलं आणि भाव घसरले. १९३४ मध्ये न्यू ग्लेनक्रीफ खाण थांबली, १९३८ संपता संपता रेल्वेही बंद झाली. १९५० च्या दशकात खाण पुन्हा सुरू करायचा प्रयत्न झाला, तोही टिकला नाही. रिस्पिन क्लूक ओढ्यावरचा रेल्वेचा देखणा पूल १९९१ मध्ये पाडावा लागला. जुन्या मार्गाच्या एका तुकड्यावर हौशी स्वयंसेवकांनी अरुंद रुळांची छोटी गाडी सुरू केली आहे. ती सुमारे १,५०० फुटांपर्यंत चढते. दातेरी रुळांची मदत न घेता चालणारी एवढ्या उंचीवरची गाडी ब्रिटनमध्ये दुसरी नाही.

आज गावात दीडशेच्या आसपास माणसं राहतात. १९७४ मध्ये सुरू झालेलं शिसे खाण संग्रहालय लोहाराच्या जुन्या भट्टीच्या जागेत आहे. १७८९ मध्ये घोड्याला बर्फाचे खिळे ठोकून घ्यायला कवी रॉबर्ट बर्न्स याच गावात थांबला होता आणि त्यावर त्याने कविताही केली. संग्रहालयातला खनिजांचा संग्रह अभ्यासकांसाठी पर्वणी आहे. लेडहिलाइट, लॅनार्काइट, कॅलेडोनाइट, सुझॅनाइट ही खनिजं जगाला पहिल्यांदा याच डोंगरातून माहीत झाली. शेजारच्या जुन्या घरांत खाणकामगाराचं घर तीन वेगवेगळ्या काळांत कसं होतं ते मांडून ठेवलं आहे. मातीच्या जमिनीवरच्या चुलीपासून लोखंडी शेगडीपर्यंतचा तो प्रवास चार पावलांत होतो. संग्रहालय आणि खाण उन्हाळी मोसमातच उघडी असतात, तेव्हा तारखा पाहून निघावं. स्कॉटलंडची दक्षिण बाजू समुद्रापासून समुद्रापर्यंत ओलांडणारी सदर्न अपलँड वे ही पायवाट गावातूनच जाते. त्यामुळे पाठीवर सॅक लादलेली मंडळी इथे नेहमी भेटतात.

जाणाऱ्याला एक सुचवावंसं वाटतं. बहुतेक लोक आधी खाण पाहतात आणि वेळ उरला तर वाचनालयात डोकावतात. क्रम उलटा ठेवावा. गावाचा ताळेबंद मांडला तर डोंगर ड्यूकचा, शिसं कंपनीचं, घराखालची जमीन ड्यूकची आणि चर्चला जागा द्यायची की नाही हेही ड्यूकच्याच हाती. खाणकामगारांनी मिळून विकत घेतलेली आणि मिळून राखलेली मालमत्ता म्हणजे ही पुस्तकं. शिशाचा भाव पडल्यावर बाकीचं सगळं मालकांच्या हिशोबातून वजा झालं. पुस्तकांचा हिशोब मालकांच्या वहीत कधी नव्हताच, म्हणून ती गावातच राहिली. हे आधी कळलं की मग खाणीच्या अरुंद बोगद्यात वाकून चालताना तिथे काम करणारा माणूस निव्वळ बिचारा वाटत नाही. त्याने सहा तासांनंतरच्या वेळाचं काय केलं हे आपण पाहून आलेलो असतो.